किंक्रांतीच्या रात्रीचं गोड

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या सोलापुरात घरोघरच्या गाद्या-रजया उन्हात पडलेल्या असतील. गड्डा जवळ आला की आधी गाद्या बाहेर निघतात आणि मग माळ्यावरची मोठी पातेली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, गड्डा म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, श्री सिद्धेश्वरांची यात्रा. भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होमप्रदीपन आणि किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, पाळणे, चुरमुऱ्याची दुकानं! पुण्या-मुंबईला गेलेला सोलापूरकर एक वेळ दिवाळीला यायचा नाही, पण गड्ड्याला येतो. कोणी ‘हुतात्मा’नं, कोणी रात्रभर ‘सिद्धेश्वर’नं. २०२३ साली ‘वंदे भारत’ सुरू झाल्यापासून तर आमचा भाचा मुंबईत दुपारचा चहा घेऊन निघतो आणि रात्री दारात उभा राहून विचारतो, “मामी, गोड काय केलंय?”

तर प्रश्न हाच आहे. घरात बारा-पंधरा माणसं. भोगीचं जेवण ठरलेलं, तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि मिसळीची भाजी. संक्रांतीलाही फार डोकं चालवावं लागत नाही. पण किंक्रांतीच्या रात्री सगळे एकत्र असतात आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक पिशवी भरायला लागते. त्या रात्रीचं पान जरा विशेष असावं असं प्रत्येकीला वाटतं. एका वाचक भगिनीनं विचारलंय, “गोड असं सांगा की ते खास वाटेल, पण माझा दिवस त्यात जाणार नाही.” बाई, तुमचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. कसं ते आधी सांगते, मग कृतीकडे वळू.

१९९८ सालची गोष्ट. धाकट्या वन्संचं नुकतंच लग्न झालेलं, त्यांचे यजमान पहिल्यांदाच गड्ड्याला आलेले. मी मोठ्या उत्साहानं पाच लिटर दुधाची बासुंदी कबूल केली. दुपारी तीनला दूध चढवलं. मध्ये चहा झाले, भाज्या झाल्या, कणीक झाली, आणि दूध आपलं आटतंय, आटतंय. आमचं घर उत्तर कसब्यात, गच्चीतून दारूकाम छान दिसतं. पहिला बार झाला तशी मुलं वरून ओरडली, “आई, लवकर ये!” दोनच मिनिटं म्हणून मी धावले. उतरले तेव्हा जिन्यातच वास आला. वरवरची बासुंदी दुसऱ्या पातेल्यात काढली, वेलची दुप्पट घातली, जायफळ घातलं. पण लागलेल्या दुधाचा वास कशानं झाकतोय? जावईबापू एक अक्षर बोलले नाहीत. उलट दोन वाट्या संपवल्या. त्यानं तर मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री मी पातेलं खरवडत बसले होते. सासूबाई शेजारी पाट घेऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी दुधाकडं बघणार होते गं. पण म्हटलं आज आपणही जरा दारात जाऊन बघावं.” मी चमकून वर पाहिलं. या घरात येऊन त्यांना बत्तीस वर्षं झाली होती, होम मैदान चालत दहा मिनिटांवर, आणि दारूकाम त्यांनी एकदाही धड पाहिलं नव्हतं! चुलीपाशी, पुढे गॅसपाशी, पानांची तयारी करत त्या नुसते आवाज ऐकायच्या. “हा बाण गेला, हा फुटला, आता शेवटची माळ,” असं आतून सांगायच्या, अगदी बरोबर. आणि आम्ही सगळी हसायचो की सासूबाईंना न बघता कळतं!

तेव्हापासून किंक्रांतीचं गोड मी एकाच कसोटीवर निवडते. पहिला बार होईल तेव्हा गॅस बंद असला पाहिजे. आदल्या दिवशी होणारं, मुरून चव वाढणारं आणि वाढताना तळण-परतण न मागणारं ते आपलं गोड. बाकी कितीही चांगलं असो, त्याला दुसरा दिवस द्यावा.

या कसोटीला उतरणारी पहिली आपली हुग्गी. आमच्याकडे कानडी, मराठी, तेलुगू सगळ्या भाषा एका गल्लीत नांदतात, त्यामुळे खपली गव्हाच्या खिरीला आम्ही सरळ हुग्गीच म्हणतो. लग्नाच्या, जत्रेच्या पंगतीतला हा पदार्थ. मुलींना वाटतं, हे आजीचं काम. तसं मुळीच नाही. खपली हा फार जुन्या जातीचा गहू. त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून पूर्वी पाण्याचा हात लावून उखळात सडत बसावं लागे. खरी मेहनत ती होती. आता सडलेली खपली किराणा दुकानात तयार मिळते. आमच्याकडे मधल्या मारुतीच्या बाजूला गेलं की झालं. उरलं फक्त भिजवणं आणि शिजवणं, आणि ते काम कुकर करतो.

साहित्य (बारा ते पंधरा माणसांना) : सडलेली खपली ३ वाट्या, तांदूळ मूठभर, चिरलेला गूळ ३ ते ३॥ वाट्या, किसून भाजलेलं सुकं खोबरं १ वाटी, भाजलेली खसखस २ मोठे चमचे, सुंठपूड १ चमचा, बडीशेपेची भरड १ चमचा, वेलची-जायफळ, चिमूटभर मीठ, साजूक तूप, वरून घ्यायला दूध.

कृती : खपली धुऊन रात्रभर, निदान आठ तास, भिजत घालावी. सकाळी ते पाणी काढून टाकावे. तांदूळ धुऊन त्यात घालावेत व एकूण नऊ वाट्या पाणी घालून कुकरमध्ये एक शिट्टी होऊ द्यावी. मग आच बारीक करून अर्धा तास ठेवावे. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये. लहान असल्यास दोन खेपांत शिजवावे. वाफ आपोआप जिरल्यावर झाकण काढून दाणा बोटांत दाबून पाहावा. तो लोण्यासारखा चेपला पाहिजे. डावाने थोडे घोटावे, पण पार लगदा करू नये. दाणा दाताखाली लागण्यातच हुग्गीची गंमत आहे. आता गूळ घालून मंद आचेवर वीस मिनिटे शिजू द्यावे. शेवटी खोबरे, खसखस, सुंठ, बडीशेप, वेलची-जायफळ, मीठ आणि दोन मोठे चमचे तूप घालून उतरवावे.

दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. गहू पुरता शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. एकदा गूळ पडला की दाणा आहे तिथंच थांबतो, मग तासभर शिजवा, ताठच राहील. दुसरं, दूध पातेल्यात ओतून उकळायचं नाही. गुळाच्या आंबटपणानं गरम दूध फाटतं आणि पंधरा माणसांची खीर डोळ्यांदेखत वाया जाते. दूध वेगळं कोमट करून तांब्यात ठेवावं, प्रत्येकानं आपापल्या वाटीत घ्यावं. ज्याला घट्ट आवडते त्यानं नुसतं तूप घ्यावं.

ही हुग्गी संक्रांतीच्या संध्याकाळी करून ठेवायची. गार झाली की झाकून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी आळलेली दिसेल, घाबरू नका. वाटीभर उकळतं पाणी घालून, पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर सैल करायची, तेही गच्चीत जाण्याआधीच. मग पातेलं जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं की तासभर छान ऊन राहतं. टॉवेलांना सोलापुरात काय तोटा!

बासुंदीच्या पुढल्या वर्षी मी पहिल्यांदा अशी हुग्गी केली. सासूबाईंना शाल देऊन गच्चीत खुर्चीवर बसवलं. दारूकाम सुरू झालं तशा त्या एकदम गप्प. मी म्हटलं, थंडी वाजतेय की काय. तर थोड्या वेळानं माझ्या हाताला धरून विचारतात, “हे हिरवं कशाचं गं?” आवाज सगळे पाठ होते, रंग ठाऊक नव्हते. पुढचे चौदा गड्डे त्यांनी त्याच खुर्चीवरून पाहिले.

आता शेंगापोळी. ही आमची खासियत, आणि परगावच्या पाहुण्यांना पुरणपोळीपेक्षा हिचं अप्रूप. गुळाच्या पोळीसारखीच, पण तिळाच्या जागी दाण्याचा कूट, त्यामुळे खमंग आणि पोटभरीची. भोगीच्या आदल्या दिवशी करून ठेवल्या तरी आठ दिवस काही होत नाही.

दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सोलून, पूर्ण गार करावेत. त्यांचा कूट, दीड वाटी चिरलेला गूळ, दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाची पूड व वेलची एकत्र करून मिक्सरमधून काढावे. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवावा. सलग फिरवला तर दाण्याला तेल सुटून सारण चिकट होते. चिक्कीचा गूळ अजिबात घेऊ नये, पोळी कडक होऊन दाढेला चिकटते. साधा मऊ गूळच घ्यावा. पारीसाठी दोन वाट्या कणीक, दोन चमचे बेसन, चिमूटभर मीठ आणि तीन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्टसर भिजवावे व अर्धा तास झाकून ठेवावे. पारीच्या गोळीएवढेच सारण भरून, तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने कडेपर्यंत लाटावे. मध्यम आचेवर भाजावी. तव्यावर गूळ सांडला तर लगेच ओल्या फडक्याने पुसावा, नाहीतर पुढच्या पोळीला काळे डाग पडतात. एवढ्यात दहा-बारा मध्यम पोळ्या होतात. गरम असताना एकावर एक रचू नयेत, वाफ धरून मऊ पडतात. कागदावर पसरून गार कराव्यात.

शेंगापोळी नुसती वाढली तर ती रोजचीच वाटते. किंक्रांतीच्या रात्री तिचे चार-चार त्रिकोणी तुकडे कापून मोठ्या ताटात गोलाकार रचावेत, मधोमध पातळ केलेल्या तुपाची वाटी. एवढ्यानं रूप पालटतं. ज्याला जितका तुकडा हवा तितका तो घेतो आणि अर्धी पोळी टाकली म्हणून कोणाचं कोणाशी वाजत नाही.

मुलांचं काय? खरं सांगायचं तर हुग्गीपुढं आमची नातवंडं नाक मुरडतात. त्यांच्यासाठी एक काचेचं भांडं भरून ठेवायचं, आणि ते भरायचं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. एक लिटर दुधातलं वाटीभर दूध गार असतानाच बाजूला काढून त्यात चार सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवावी. उरलेल्या दुधात सहा चमचे साखर घालून उकळी आणावी, कालवलेली पावडर ओतून सतत ढवळत तीन-चार मिनिटे शिजवावे व उतरवून मधूनमधून हलवत गार करावे, म्हणजे साय धरत नाही. कपभर कोमट दुधात चमचाभर कॉफी घालून त्यात ग्लुकोजची बिस्किटे बुडवायची आणि लगेच काढायची. जरा रेंगाळलात की बिस्कीट कपात! बिस्किटांचा थर, कस्टर्डचा थर, द्राक्षांचे अर्धे काप, पुन्हा बिस्किटे, असे भांडे भरून पाच-सहा तास फ्रीजमध्ये ठेवावे. द्राक्षे फडक्याने कोरडी करून घ्यावीत, नाहीतर पाणी सुटते. केळी घालू नयेत, काळी पडतात.

द्राक्षं लक्ष्मी मंडईत या दिवसांत यायला लागलेली असतात, पण जानेवारीतली अंमळ आंबट निघतात, तेव्हा चाखल्याशिवाय घेऊ नका. लांबट सोनाका मिळाली तर उत्तम. ही जात आपल्याच जिल्ह्यातल्या नान्नजची, तिथल्या नानासाहेब काळे यांच्या मळ्यात निघालेली, हे पाहुण्यांना जरूर सांगा. आणि डाळिंबाबद्दल तर आम्ही सोलापूरकरांनी बोलावं तेवढं थोडं, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. डाळिंबाचे दाणे मात्र अगदी वाढायच्या वेळी वरून पसरावेत. आधी घातले तर त्यांचा रंग उतरून पांढरं-पिवळं कस्टर्ड गुलाबी डागाडागांचं होतं. एका वर्षी मी घातले होते, मुलांना ते फार आवडलं, ही गोष्ट वेगळी.

गाजराचा हलवा का नाही, असं तुम्ही विचाराल. गाजरं स्वस्त आहेत, मोसम आहे, मान्य. पण पंधरा माणसांना तीन किलो गाजर किसायचं म्हणजे हाताची कातडी जाते आणि मग तासभर परतत उभं राहा. घरातला एखादा पुरुष किसणी घेऊन बसत असेल तर खुशाल करा. आमच्याकडे अजून कोणी बसलेला नाही.

घरात साखरेचा आजार असलेलं कोणी तरी असतंच. त्यांच्या बाबतीत आपल्या बायकांचा एक मोठा गैरसमज आहे, “गुळाचं आहे, चालेल.” मैत्रिणींनो, गूळ आणि साखर रक्तात जाऊन एकच काम करतात. खपलीचा गहू प्रकृतीला चांगला म्हणतात, पण त्यात तीन वाट्या गूळ पडल्यावर त्या चांगुलपणाच्या भरवशावर राहू नये. आमच्या मामंजींसाठी मी आदल्या रात्री दही टांगून ठेवत असे. तो घट्ट चक्का फेटून, साखर न घालता, वेलची आणि जरासं केशर, वर दोन चमचे डाळिंबाचे दाणे. फळातही साखर असते, म्हणून दाणे दोनच चमचे. आणि ती वाटी चांदीची द्यायची. सगळ्यांच्या पानात गोड असताना आपल्याला वगळलं ही टोचणी मोठ्या माणसांना फार लागते, बोलून दाखवत नाहीत एवढंच. मामंजी तर ती वाटी सगळ्यांना दिसेल अशी धरून खायचे.

आमच्या पूर्वभागातल्या एक तेलुगू मैत्रीण संक्रांतीला न चुकता सकिनालू आणि अरिसेलू पाठवतात. सकिनालू म्हणजे तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली कुरकुरीत वेटोळी. अरिसेलू आपल्या अनारशाच्या जातीतले, तांदूळ-गुळाचे. मी त्यांच्या डब्यात शेंगापोळ्या भरून देते. असं शेजारचं आलेलं गोडही त्या रात्री ताटात मांडा. सगळं आपण एकटीनंच केलं पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

कामाची वाटणीही आधीच करून ठेवा. शेंगापोळ्या भोगीच्या आदल्या दिवशी. खपली भोगीच्या रात्री भिजवायची, संक्रांतीच्या सकाळी कुकरमध्ये, गूळ संध्याकाळी, म्हणजे सकाळी हळदीकुंकवाच्या तयारीला हात मोकळा. किंक्रांतीच्या सकाळी मुलांना कामाला लावून कस्टर्ड. डाळिंबं सोलायचं काम दुपारी पत्ते खेळत बसलेल्यांकडे द्यावं, पण वाटीवर लक्ष ठेवावं, अर्धे दाणे तोंडात जातात. संध्याकाळी पानं-वाट्या काढून ठेवायच्या, हुग्गी सैल करून टॉवेलात गुंडाळायची, आणि गॅसची टाकी बंद करून शाल घेऊन वर.

राहता राहिली निरोपाच्या सकाळची गोष्ट. ‘हुतात्मा’ सकाळी लवकर सुटते, त्यामुळे डबे रात्रीच भरून ठेवावे लागतात. कितीही आग्रह झाला तरी हुग्गी प्रवासात देऊ नका. उन्हात, गर्दीत ती फसफसते आणि डब्याचं झाकण उडतं. पिशवीतले कपडे खराब होतात ते वेगळंच. शेंगापोळ्या द्या. दोन-दोन पोळ्यांमध्ये कागद घालून पसरट डब्यात ठेवाव्यात, तूप वेगळ्या बाटलीत. आणि शेंगाचटणीची पुडी त्याच डब्यात मुळीच कोंबू नका. गेल्या वर्षी पुण्याला पोचलेल्या पोळ्यांना लसणाचा वास आला म्हणून लेकीचा फोन आला होता.